शेवंतीचा चहा आणि साखूच्या बरण्या

साखूला आमच्या बाजारात सगळे डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टर मानत कुणी नाही. कारण ती गोळ्या देत नाही. परदेशातून भलीमोठी पदवी घेऊन परतली, त्याच आठवड्यात एका कोळंबीवालीनं तिच्यापुढे गुडघा उघडा करून ठेवला. साखू हात जोडून म्हणाली (वयानं मोठ्या बाईला आम्ही पा म्हणतो, म्हणजे मावशी), "पा, मी तसली डॉक्टर नव्हे. मी संशोधन करते."

"मग गुडघ्यावर कर की! तो काय वाईट आहे?"

साखूचं खरं नाव रुजिरात. ते तिच्या पदवीवर आहे आणि बँकेत आहे, बाकी कुठे नाही. साखू म्हणजे साबुदाणा. जन्मली तेव्हा एवढीशी, पांढरी आणि गुळगुळीत होती म्हणून आईनं ठेवलं. आता चाळिशी उलटली, पांढरी राहिली नाही, गुळगुळीत तर नाहीच नाही. पण साबुदाण्यासारखंच, नाव चिकटलं ते चिकटलं.

सोंगखलाच्या खाडीकाठच्या आमच्या बाजारात माशांची ओळ संपते आणि शिजवलेल्या कालवणांची सुरू होते, त्या कोपऱ्यावर माझं कॉफीचं दुकान. बरोबर समोर साखूच्या आईचा, पा लामदुअनचा ठेला. जागा मी मुद्दाम निवडलेली नाही, पण देवानं निवडली असेल तर त्याला माझा स्वभाव ठाऊक होता. माझ्या बाकावर बसून जे दिसत नाही, ते या बाजारात घडलेलं नसतं.

पा लामदुअनचं माशाचं पिवळं कालवण म्हणजे काय चीज! आंबट, तिखटजाळ, आत कोवळ्या बांबूचे काप. खाताना डोळ्यांतून पाणी यायला हवं, नाही आलं तर पा स्वतः विचारते, "जिभेला काही झालंय का?" आणि हे कालवण, इतर सगळ्यांसारखंच, पिशवीतून जायचं. आमच्याकडे माणूस सोडला तर सगळं पिशवीत मिळतं. उकळतं कालवण पिशवीत, बर्फाची कॉफी पिशवीत नळी खोचून, तळलेल्या केळ्यांची पिशवी वेगळी आणि त्या सगळ्या पिशव्या घालायला आणखी एक पिशवी.

साखू लहानपणी आईच्या बाजूला स्टुलावर उभी राहून पिशव्या बांधायची. डाव ओतला की तोंड धरायचं, आत हवा कोंडून पिशवी उशीसारखी फुगवायची, रबर दोन बोटांत ताणून भराभर वळसे द्यायचे आणि शेवटी सोडायचं. टच्! तिच्या हातचा तो 'टच' माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायचा. बाजारात तिच्याइतकं झटपट कुणी बांधायचं नाही. परदेशी जाताना विमानतळावर मी म्हणालोसुद्धा, "कशाला जातेस? तुझा खरा हुन्नर इथं आहे." तेव्हा पा लामदुअननं माझ्याकडे असं बघितलं, की मी घरी जाईपर्यंत तोंड उघडलं नाही.

परत आल्यावर साखूनं पहिली कामगिरी केली ती गोदीत. गुडघाभर चिखलात उतरून समुद्री गोगलगायी गोळा करायची. लोकांना वाटलं, शिकून शिकून डोकं फिरलं. मग एक दिवस माझ्या बाकावर बसून तिनं सांगितलं, की बोटींच्या तळाला जो रंग देतात, त्यातल्या एका द्रव्यानं गोगलगायींच्या माद्यांना नराचं… म्हणजे जे नराला असतं ते… फुटतं. तिनं शास्त्रीय शब्द वापरला होता. मी तो बाजारात पोचवताना सोपा करून पोचवला. पुढे कितीतरी दिवस कोळणी आपल्या नवऱ्यांना ओरडायच्या, "बोटीला रंग देताय ना, जपून! तुमचं उलटं व्हायचं!" आणि बिचारे नवरे, मी खोटं सांगत नाही, रंगाच्या डब्यापासून लांब उभे राहून ब्रश मारायचे.

मी तिला विचारलं, "रंग लागतो बोटीला, आणि फुटतं गोगलगायीला, हे कसं?"

मला सगळे लुंग, म्हणजे काका, म्हणतात. ती म्हणाली, "लुंग, आपल्या अंगात ग्रंथी असतात. त्या रक्तातून निरोप धाडतात. आता वाढ, आता थांब, दूध येऊ दे, दाढी येऊ दे. ही काही द्रव्यं त्या निरोपांचं सोंग घेतात किंवा खरा निरोप वाटेतच अडवतात. अगदी थोडंसं पुरतं. अंगाला वाटतं, खरंच निरोप आला, आणि ते तसं वागायला लागतं."

"म्हणजे अफवाच की!"

"तुमच्या दुकानातल्यासारखीच," ती म्हणाली. कॉफी पिता पिता इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाली की मला राग यायला उशीर झाला. मग गंभीर होऊन पुढे म्हणाली, "मोठ्या माणसाचं एक वेळ निभावतं. पण पोटातलं बाळ सगळं त्या निरोपांवर घडत असतं, लुंग. तिथं खोटा निरोप पोचला तर पुढे काय काय होतं, हेच मला शोधायचंय."

आणि तिनं बाजारातल्या गरोदर बायका गाठल्या. त्या रोज काय खातात, कशातून खातात आणि त्यांच्या लघवीत प्लास्टिक मऊ करणारी द्रव्यं किती उतरतात, हे मोजायचं ठरवलं. माझ्या दुकानाला लागून आरोग्यकेंद्र आहे, त्याच्या मागच्या दाराशी सकाळी ती उभी राहायची. प्रत्येकीला झाकणाची काचेची बरणी दिली. स्वच्छ, जाड, रुंद तोंडाची, अशी की माझ्याच बायकोचा जीव तिच्यावर गेला. "सकाळची पहिली लघवी, आणि फक्त या बरणीत," साखूनं बजावून सांगितलं. बायकांनी मान डोलावली. आमच्या बायका फार छान मान डोलावतात.

आकडे आले, आणि वाईट आले. इतके वाईट, की साखूनं दुपारचं जेवण टाकलं आणि थेट आईच्या ठेल्यावर गेली. मी समोरच होतो.

"मॅ, थोडे दिवस गरम कालवण पिशवीत ओतू नकोस ना."

"मग काय, गिऱ्हाइकाच्या ओंजळीत ओतू?"

"हळू बोल. आकडे फार वाईट आलेत गं. या बायकांच्या लघवीत…"

पा लामदुअनच्या हातातला डाव थांबला. "बायकांच्या मुतात माझं कालवण शोधतेस तू?"

"मॅ, मी तसं म्हणत नाहीये…"

पण आता पा लामदुअन थांबणार होती होय! तिचा आवाज असा, की ती ठेल्यावरून हाक मारते तेव्हा खाडीपलीकडचं कुत्रं उठून बसतं. दोन्ही हात वर करून ती म्हणाली, "ऐका हो, ऐका! हिला मी कालवणं विकून परदेशात शिकवलं, आणि ही म्हणते माझ्या कालवणात विष आहे!"

साखू असं काहीच म्हणाली नव्हती. पण जे म्हणाली नव्हती तेच माशांच्या ओळीत दुपारपर्यंत पोचलं, आणि संध्याकाळी बसच्या थांब्यावर ऐकू आलं ते असं: पा लामदुअनचं पिवळं कालवण खाल्लं की पोरी वांझ होतात. दुसऱ्या दिवशी तिची पातेली अर्धी राहिली. तिसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त. समोरची गर्दी पांगली की ठेला केवढासा दिसतो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. आणखी महिनाभर असं चाललं असतं तर पा लामदुअननं चूल कायमची विझवली असती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. साखूच्याही.

मायलेकी एका घरात राहायच्या, पण बोलणं बंद. सगळा व्यवहार माझ्या दुकानातून. पा ओरडायची, "लुंग, त्या डॉक्टरीणबाईंना सांगा, भात झाकून ठेवलाय!"

मी मान वळवून म्हणायचो, "डॉक्टरीणबाई, भात झाकून ठेवलाय."

"लुंग, ठेलेवाल्या बाईंना सांगा, मी जेवून आलेय."

"खोटं बोलतेय म्हणावं! तिचं तोंड बघा!"

असं चालायचं. मला कॉफी गाळायला फुरसत मिळायची नाही, पण तक्रार म्हणाल तर तसली नव्हती.

एका सकाळी साखू बाकावर येऊन बसली आणि कपात बघत राहिली. म्हणाली, "लुंग, काहीतरी बिनसलंय. हे द्रव्य अंगातून जातं ना, तेव्हा मोडून जातं. लघवीत उतरतात ते त्याचे तुकडे. माझ्या बरण्यांत तुकडे आहेत. पण अखंड द्रव्यही आहे, आणि ढिगानं आहे."

"मग?"

"कोळंबी खाल्ली तर ती दुसऱ्या दिवशी अख्खी, मिशांसकट बाहेर येते का?"

"चौधऱ्याची कोळंबी असेल तर सांगता येत नाही," मी म्हणालो. (आमच्याकडे चौधरी नाहीत, जो माणूस होता त्याचं नाव मी इथं बदललंय, तो अजून शिळी कोळंबी विकतो आणि त्याचा मुलगा पोलिसात आहे.)

तिला हसू आलं नाही. तेवढ्यात प्लायफा आली. मासेवाल्यांची सून, सातवा संपत आलेला, चालताना बदकासारखी डुलणारी, तोंडानं मात्र धारदार. माझ्या दुकानाच्या खांबाला खिळ्यांची रांग आहे. तिथं मी शेवंतीच्या फुलांच्या चहाच्या पिशव्या बांधून टांगतो, पिवळ्याधमक. प्लायफानं हातातलं सामान सावरायला आपली एक पिशवी खिळ्याला अडकवली आणि शेजारी गरम तळलेले पीठगोळे घ्यायला वळली.

इतक्यात आमचे निवृत्त पोस्टमास्तर आले. ते रोज या वेळेला शेवंतीचा चहा घेतात. हात वर केला, एक पिशवी काढली, नळी खुपसली आणि म्हणाले, "लुंग, आज बर्फ घालायला विसरलात का? कोमट लागतेय हाताला."

प्लायफानं मागे बघितलं आणि अशी किंचाळली, की मला वाटलं, इथंच बाळंत होते. "आजोबा, सोडा! सोडा ती!"

आता त्यांनी नळी तोंडाला लावली होती की नव्हती, यावर बाजारात दोन पक्ष आहेत. मी समोर होतो. मी एवढंच म्हणेन, की त्या दिवसापासून पोस्टमास्तर कॉफी घेतात.

साखू उठली. तिनं पिशवी हातात घेतली, उजेडात धरली. "प्लाय, हे काय आहे?"

प्लायफा लाजून म्हणाली, "पी साखू," पी म्हणजे ताई, "तुझंच आहे ते."

बाक हसून हसून हलायला लागला. साखू हसली नाही. "मी बरणी दिली होती ना?"

"आहे ना, ही काय!" तिनं टोपलीतून बरणी काढून दाखवली, आरशासारखी लख्ख. "पण पी, काचेच्या बरणीत घेऊन मी सगळ्या बाजारातून कशी येऊ? आत काय आहे ते लांबूनही दिसतं. आमचे सासरे समोर बसलेले असतात! पिशवीत असलं की कुणालाही चहाच वाटतो. मग मागच्या दाराशी येऊन बरणीत ओतते आणि तुला देते. सांडत नाही एक थेंब."

"आणि बाकीच्या?"

"सगळ्याच तसं करतात. पहिल्या दिवसापासून. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

"म्हणजे गरम गरम पिशवीत?"

"थंड कुठून आणू, पी?"

साखू खाली बसली. अखंड द्रव्य कुठून येत होतं, ते तिच्या हातातच होतं, रबर लावून. तिनं त्या रबरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बांधलीस मात्र छान." मग माझ्याकडे बघून, "लुंग, मी याच बाजारात पिशव्या बांधत वाढले. दुसऱ्या कुणाला नाही सुचलं तर नाही, पण मला? मला कसं सुचलं नाही?"

आता दुसरी कुणी असती तर गुपचूप बरण्या धुऊन पुन्हा सुरुवात केली असती. आकडे कुणी बघितले होते! आमच्या साबुदाण्यानं काय करावं? रस्ता ओलांडला, माशांच्या बर्फाच्या पेटीवर चढली, दोन्ही हात वर केले आणि आईच्या आवाजात, तो आवाज तिच्याही गळ्यात आहे हे त्या दिवशी कळलं, ओरडली, "ऐका हो, ऐका! माझे आकडे सगळे फुकट गेले! लघवी पिशवीत आली, पिशवीचंच द्रव्य तिच्यात उतरलं. पा लामदुअनच्या कालवणाबद्दल मला काहीही ठाऊक नाही!"

खाडीपलीकडे कुत्रं भुंकलं.

पा लामदुअन डाव हातात घेऊन पुढे आली. "ठाऊक नाही म्हणजे काय? कालवण चांगलं आहे, असं म्हण!"

"ते म्हणता येत नाही, मॅ. अजून मोजलेलं नाही."

"माझ्या ठेल्याचं वाटोळं झालं, आणि हिचं मोजलेलं नाही!"

"म्हणूनच खोटं सांगायचं नाही आता. वाईट आहे असंही नाही, चांगलं आहे असंही नाही."

पा लामदुअननं तिच्याकडे बघितलं. पेटीवर उभी असलेली लेक, चपला माशांच्या पाण्यात भिजलेल्या. मग डाव पातेल्यात आपटला. "मग मोज! काय मोजायचं ते मोज! माझ्या देखत मोज!"

कितीतरी दिवसांनी ती लेकीशी थेट बोलली होती. मला मान वळवावी लागली नाही. जरा चुकल्यासारखंच वाटलं.

मोजणं असं ठरलं. कालवण तेच, हात तोच, खाणाऱ्या बायका त्याच. एक आठवडा त्यांनी नेहमीसारखं पिशवीतून न्यायचं, पुढचा आठवडा पिंतोतून. पिंतो म्हणजे आपला एकावर एक कप्प्यांचा डबा, आमच्या प्रत्येक घरात असतो आणि देवळात भिक्खूंना जेवण न्यायचं असलं तरच माळ्यावरून खाली उतरतो. पा लामदुअननं दम भरला, "एकीनं जरी मधेच दुसऱ्याचं कालवण खाल्लं, तर तिच्या बारशाला मी येणार नाही."

राहिला प्रश्न लाजेचा. बरणी बाजारातून आणायची कशी? तो पा लामदुअननंच सोडवला. जुन्या फुलाफुलांच्या लुंग्या फाडून तिनं प्रत्येक बरणीला झगा शिवला, वर नाडीसकट. मी म्हणालो, "पा, टोपडं पण शिव." तिनं खरंच एकीला शिवलं. मग झग्यांवरून भांडणं लागली. प्लायफाला जांभळ्या फुलांचा हवा होता, तो आधीच कुणीतरी पटकावला होता. बायका सकाळी झगा घातलेल्या बरण्या कडेवर घेऊन मिरवत यायच्या. त्यात काय आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, पण दिसत नव्हतं, आणि आमच्याकडे तेवढं पुरतं. पोस्टमास्तर तेवढे त्या वेळेला दुसऱ्या गल्लीनं जायचे.

निकाल आला त्या दिवशी साखू ठेल्यावर आली तेव्हा पा कांदे सोलत होती. हात थांबले नाहीत, पण सोललेला कांदा ती पुन्हा सोलत होती, हे मला इथून दिसत होतं.

"मॅ, अखंड द्रव्य जवळजवळ गेलं. ते लघवी आणायच्या पिशव्यांचं होतं, झालं. आणि तुकडे, म्हणजे जे खरंच अंगातून गेलेलं असतं ते, पिंतोच्या आठवड्यात निम्म्याहून खाली आलं. सगळ्यांचं नाही. पण बहुतेक जणींचं."

"सरळ बोल."

"कालवण तेच होतं. पिशवी गेली, आणि द्रव्य कमी झालं."

"म्हणजे माझ्या कालवणात काही नव्हतं!"

"फारसं नव्हतं. उरलंय ते कुठून येतं, ते अजून शोधायचंय. तिखटाच्या डब्यातून येत असेल, क्रीममधून येत असेल, कुठूनही."

पा लामदुअननं डोळे पुसले. कांदा होता, असं ती म्हणते. "शोध. पण सापडलं की आधी माझ्या कानात सांग. बाजारात मी सांगेन."

आता पा लामदुअन पिशवीत कालवण देत नाही. घाईतलं गिऱ्हाईक आलं, की म्हणते, "डबा कुठाय? घरी? मग घरी जा, घेऊन ये. कालवण पळून जात नाही." सुरुवातीला लोक चिडले. मग तिनं खांबाला पिंतोंची रांग लावली, ज्याला लागेल त्यानं न्यावा, उद्या आणून द्यावा. दोन-तीन परत आले नाहीत; ते कुणाच्या घरात आहेत हे मला ठाऊक आहे, पण आज सांगत नाही. पातेली दुपारी रिकामी होतात. शेजारच्या ठेलेवाल्याही तिचं बघून डबे मागायला लागल्या. मलाही शेवंतीच्या चहासाठी पेले आणावे लागले. ते विसळून विसळून माझ्या हातांना सुरकुत्या आल्या आहेत, आणि साखू म्हणते त्या आधीपासून होत्या.

प्लायफाला मुलगी झाली. टोपणनाव ठेवलं केओ, म्हणजे काच. नाव जुनंच आहे आमच्याकडे, बऱ्याच घरांत असतं, पण बाजारात सगळे बाळाला बघितलं की बरणी आठवून हसतात. प्लायफानं साखूला विचारलं, "पी, हिचं सगळं नीट आहे ना गं? निरोप-बिरोप बरोबर पोचलेत ना?" साखूनं बाळाचं बोट धरलं आणि म्हणाली, "ते आत्ताच सांगता येत नाही, प्लाय. पण आईच्या पोटात असताना तिच्याकडे शेवटचे काही आठवडे खोट्या निरोपांचा गोंगाट कमी गेला, एवढं मी मोजून सांगू शकते. आणि पुढच्या बाळांकडे पहिल्या दिवसापासून कमी जावा, म्हणून नव्या बरण्या मागवल्या आहेत." केओ दर वर्षी मोजली जाणार आहे. तिच्या बरणीला जांभळ्या फुलांचा झगा आधीच शिवून ठेवलाय.

फक्त एक गोष्ट साखूला थांबवता येत नाही. रोज सकाळी ठेला उघडला की पा लामदुअन दोन्ही हात वर करते आणि खाडीपलीकडे पोचेल अशा आवाजात हाक देते, "या हो, या! मोजलेलं कालवण! माझ्या लेकीनं मोजलेलं कालवण!"

आणि साखू माझ्या दुकानातून कपासकट धावत सुटते, "मॅ, असं म्हणता येत नाही! मॅ, शास्त्रात असं म्हणत नाहीत!"

"लुंग," पा मला सांगते, "डॉक्टरीणबाईंना म्हणावं, शास्त्र तुमचं, ठेला माझा."

मी मान वळवतो आणि निरोप देतो. अगदी शब्दाला शब्द. आजकाल मी काही वाढवत नाही. साखू मोजते.